वाचकांचे प्रश्न : घराची वीजपेटी

मीटरमधून आलेली वीज घरात जिथे वाटली जाते त्या पेटीबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरांत दोन उपकरणं पुन्हा पुन्हा येतील. एमसीबी तारेला सांभाळतो : भार जास्त झाला किंवा फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडले की तो पडतो. आरसीसीबी माणसाला सांभाळतो : फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून पूर्ण परत आली नाही, थोडी जमिनीकडे गळली, की तो पडतो. एकाचं काम दुसरा करत नाही. पेटीतलं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं. पण काय करून घ्यायचं हे घरमालकाला ठाऊक असावं, कारण रात्री अकराला लाइट गेली तर पेटी उघडणार आहेत ते घरचेच.

प्रश्न : नवीन घर बांधतो आहे. ओसरी, स्वयंपाकघर, दोन खोल्या, न्हाणीघर. सिंगल फेज कनेक्शन. गीझर, एक एचपीची बोअरची मोटर, घरघंटी, फ्रिज आहे. पुढे इन्व्हर्टर घ्यायचा आहे. वायरमन म्हणतो, आठ एमसीबींची पेटी पुरेल. पुरेल का?
— एक वाचक, सांगोला तालुका

नाही पुरणार. पेटी आणण्याआधी कागदावर सर्किटं लिहून काढा. तुमच्या घरासाठी आम्ही अशी वाटणी करू.

मीटरनंतर ३२ अँपिअरचा दोन पोली एमसीबी मेन म्हणून. दोन पोली यासाठी की फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटले पाहिजेत. गावात न्यूट्रलवरही वीज येण्याचे प्रसंग घडतात. त्यानंतर दोन आरसीसीबी, प्रत्येकी ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारे. एकच आरसीसीबी लावला तर गीझरच्या गळतीने सगळं घर अंधारात जातं, आणि मग वैतागून तो काढून टाकला जातो. दोन असले की निम्मं घर चालू राहतं.

पहिल्या आरसीसीबीखाली घराच्या आतली, कोरडी सर्किटं :
ओसरी आणि एका खोलीचे दिवे-पंखे – ६ अँपिअर, तार १.५ चौ.मिमी.
खोल्यांतले छोटे सॉकेट – १० अँपिअर, २.५ चौ.मिमी.
स्वयंपाकघरातले मोठे सॉकेट (मिक्सर, इंडक्शन) – १६ अँपिअर, २.५ चौ.मिमी.
फ्रिज – ६ अँपिअर, २.५ चौ.मिमी., एकट्यासाठी.
इन्व्हर्टर – १० अँपिअर, २.५ चौ.मिमी.

दुसऱ्याखाली पाण्याशी आणि बाहेरच्या जागेशी संबंध असलेली :
स्वयंपाकघर आणि दुसऱ्या खोलीचे दिवे – ६ अँपिअर, १.५ चौ.मिमी.
गीझर – २ किलोवॉटचा असेल तर १६ अँपिअर. ३ किलोवॉटचा तात्काळ गीझर असेल तर २० अँपिअर. तार दोन्ही वेळा ४ चौ.मिमी.
बोअरची मोटर – १६ अँपिअर, सी कर्व्ह (मोटर सुरू होतानाचा झटका सहन करणारा), दोन पोली, ४ चौ.मिमी.
घरघंटी आणि वॉशिंग मशीन – १६ अँपिअर, २.५ चौ.मिमी.
अंगण, परसदार, गोठा – १० अँपिअर, दोन पोली, २.५ चौ.मिमी.

दिव्यांची दोन सर्किटं मुद्दाम दोन आरसीसीबींवर ठेवली आहेत. कोणताही एक पडला तरी दुरुस्ती करणाऱ्याला उजेड राहतो. फ्रिज वेगळा ठेवण्याचं कारण असं, की गावाला जाताना बाकी सगळं बंद करून तेवढाच चालू ठेवता येतो.

आता मोजा. पेटीतल्या एका घराची रुंदी १८ मिमी असते. एक पोली एमसीबी एक घर घेतो, दोन पोली एमसीबी आणि आरसीसीबी दोन-दोन. मेन २, आरसीसीबी ४, विजेच्या लाटेपासून वाचवणारा एसपीडी २, व्होल्टेज प्रोटेक्टर २, झाली १०. सर्किटं दहा, त्यांतली दोन दोन पोली, म्हणजे १२. एकूण २२, वर चार-पाच रिकामी. एवढी मोठी पेटी तालुक्याच्या दुकानात मिळत नसेल तर दोन पेट्या शेजारी-शेजारी बसवा : १२ घरांची मुख्य पेटी, १६ घरांची सर्किटांची. आमच्या मते ही दोन पेट्यांची मांडणीच जास्त सोयीची, कारण सर्किटांच्या पेटीत हात घालताना मुख्य पेटीतून वीज पूर्ण तोडता येते.

मुख्य पेटी प्लॅस्टिकची घ्या, पत्र्याची नको. आरसीसीबीच्या आधीची जिवंत तार सुटून पत्र्याला लागली तर ती गळती कोणताच आरसीसीबी पाहू शकत नाही, आणि पत्र्यावर वीज तशीच उभी राहते. आरसीसीबीनंतरची पेटी पत्र्याची चालेल, तिला अर्थ जोडलेली हवी.

ज्यावर सर्वांत जास्त चुका होतात तो भाग न्यूट्रलचा. पेटीबरोबर न्यूट्रलची एकच पट्टी येते. तुम्हाला दोन लागतील, प्रत्येक आरसीसीबीची स्वतंत्र, मधे कोणताही दुवा नाही. सर्किट ज्या आरसीसीबीखाली आहे त्याच पट्टीवर त्याचा न्यूट्रल गेला पाहिजे. प्रत्येक सर्किटच्या फेजला आणि न्यूट्रलला एकच नंबर लावा. दहा रुपयांच्या नंबर-टेपने पुढच्या वीस वर्षांची शोधाशोध वाचते. फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा. संपलेल्या गुंडाळीऐवजी हाताला लागेल त्या रंगाची तार ओढू देऊ नका.

मीटरपासून पेटीपर्यंत तांब्याची ६ चौ.मिमी. तार २५ मीटरवर २५ अँपिअरला साधारण साडेचार व्होल्ट खाते. अंतर याहून जास्त असेल तर १० चौ.मिमी. घ्या. पेटी जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास, दोन मीटरपेक्षा वर नाही. न्हाणीघराच्या ओल्या भिंतीवर नाही, चुलीच्या किंवा गॅसच्या वर नाही, आणि समोर धान्याची पोती रचली जातील अशा कोपऱ्यात तर नाहीच. पाइप पेटीत येतात ती भोकं ग्लँडने किंवा पुटीने बंद करा. मुंग्या आणि पाली तिथूनच आत जातात, आणि पाल दोन टर्मिनलांवर आडवी पडली की शॉर्ट होतो.

दाराच्या आतल्या बाजूला सर्किटांचा तक्ता मराठीत चिकटवा. ‘सर्किट ४’ नव्हे, ‘फ्रिज’.

प्रश्न : आमच्याकडे चांगला खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं आहे. मग आरसीसीबीचा खर्च कशाला?
— एक वाचक, जत तालुका

कारण एकट्या अर्थिंगने एमसीबी पडत नाही. हिशोब करून पाहा. तुमच्या अर्थचा रोध २० ओहम धरा, गावच्या डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) न्यूट्रलचा ५ ओहम. मोटरच्या बॉडीला फेज लागला तर जमिनीतून जाणारा प्रवाह २३० भागिले २५, म्हणजे ९.२ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्या प्रवाहावर कधीच पडणार नाही. १० अँपिअरचाही नाही. तोवर मोटरच्या बॉडीवर ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४ व्होल्ट उभे असतात. मोटर चालते, मीटर पळतो, आणि ओल्या पायाने कोणी हात लावला की त्याचा जीव जातो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढ्या मोठ्या गळतीवर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत तोडतो.

मग अर्थिंग कशाला, असा उलट प्रश्नही येतो. अर्थ असेल तर बॉडीला वीज लागताक्षणी गळती सुरू होते आणि कोणी हात लावण्याआधीच आरसीसीबी पडतो. अर्थ नसेल तर तो पहिल्या माणसाला झटका बसल्यावर पडतो. दोन्ही हवेत.

तुमच्या भागातल्या मुरमाड, खडकाळ जमिनीसाठी एक दिलासा आहे. ४० मिमी व्यासाचा, २.५ मीटर लांबीचा जीआय पाइप ओलसर काळ्या मातीत उभा केला तर रोध ७ ओहमच्या आसपास येतो. कोरड्या मुरमात तोच पाइप १७५ ओहमही दाखवू शकतो. तरीही आरसीसीबी असेल तर हिशोब जमतो : १७५ ओहमवर ३० मिलिअँपिअर म्हणजे जेमतेम सव्वापाच व्होल्ट. म्हणून खडकात दोन ओहम आणण्यासाठी हजारो रुपये घालवू नका. ५० ओहमच्या आत आणण्याचा प्रयत्न करा आणि आरसीसीबीवर कधीही तडजोड करू नका. पाइप खाली जातच नसेल तर जीआय पट्टी, २५ गुणिले ४ मिमी, निदान १५ मीटर लांब, अर्धा मीटर खोल आडवी पुरा. न्हाणीघराचं सांडपाणी जिथून जातं त्या बाजूला पुरली तर उन्हाळ्यातही ओल राहते. दोन पाइप लावायचे तर त्यांत पाच मीटर अंतर ठेवा. शेजारी-शेजारी ठोकल्याने दुसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. मीठ सुरुवातीला रोध कमी करतं, पण पाइपही खातं. बेंटोनाइट माती मिळाली तर ती वापरा.

काही ठिकाणी सॉकेटच्या अर्थच्या पिनला न्यूट्रलच जोडून देतात. हे पाहिल्यास त्याच दिवशी काढायला लावा. न्यूट्रल कुठेही तुटला की फ्रिज, मशीन, मोटर सगळ्यांच्या बॉडीवर थेट २३० व्होल्ट येतात.

प्रश्न : पाऊस सुरू झाला की आरसीसीबी पडतो. कधी दिवसातून चार वेळा. वायरमन म्हणतो, काढून डायरेक्ट करू किंवा १०० मिलिअँपिअरचा लावू. काय करावं?
— एक वाचक, राजापूर तालुका

दोन्ही करू नका. तो पडतोय म्हणजे वीज कुठेतरी भिंतीत, पाण्यात किंवा एखाद्या यंत्राच्या बॉडीत जाते आहे. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आगीपासून वाचवण्यासाठी असतो; माणसाचा जीव वाचवायला ३० मिलिअँपिअरच लागतो. जागा शोधून काढावी लागेल, आणि ती सापडते.

पहिली पायरी घरच्यांनी करायची. आरसीसीबीखालचे सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. तो टिकला तर एमसीबी एकेक करून वर घ्या, प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. ज्यावर पडेल ते सर्किट. मग त्या सर्किटवरची सगळी उपकरणं सॉकेटमधून काढून पुन्हा पाहा : टिकला तर दोष उपकरणात, पडला तर तारेत किंवा बोर्डात.

सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडतो, तेव्हा लोक म्हणतात की आरसीसीबीच खराब आहे. बहुतेक वेळा तो चांगला असतो. एक पोली एमसीबी फक्त फेज तोडतो. सर्किटचा न्यूट्रल पट्टीला जोडलेलाच राहतो. तो न्यूट्रल ओल्या भिंतीत अर्थला लागला असेल, तर गावच्या लांब लाइनवर न्यूट्रलला असलेले थोडेसे व्होल्टसुद्धा आरसीसीबी पाडायला पुरतात. हे शोधायला वायरमनने मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, न्यूट्रल पट्टीवरून एकेक तार सोडवायची, दर वेळी मेन लावून आरसीसीबी वर करून पाहायचा, आणि पुढच्या तारेला हात लावण्याआधी मेन पुन्हा बंद करायचा. तारांना नंबर असतील तर अर्ध्या तासाचं काम. नसतील तर अख्खा दिवस. (बाहेरच्या आणि मोटरच्या सर्किटला आम्ही दोन पोली एमसीबी सुचवतो तो याचसाठी : ते खाली केले की न्यूट्रलही सुटतो, आणि पावसाळ्याच्या रात्री घर चालू ठेवता येतं.)

कोकणात आधी या जागा पाहा : पडवीतल्या दिव्याचा होल्डर आणि त्याचा बोर्ड, पत्र्याखालून नेलेल्या वायरचा सांधा, गीझरचा एलिमेंट, ज्याचं आवरण क्षाराने चिरलेलं असतं, बोअरमधल्या केबलचा सांधा, आणि जांभ्याच्या भिंतीत प्लॅस्टरखाली पाइपशिवाय पुरलेली वायर. शेवटचा दोष निघाला तर ती वायर सोडून नवी वायर पाइपमधून वरून न्या. ओल्या भिंतीतली वायर वाळवून काही होत नाही.

वायरमनकडे मेगर (तारेच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र) असेल तर काम पक्कं होतं. सर्किट पेटीतून सोडवून, टीव्ही, एलईडी दिवे, चार्जर सगळं काढून, ५०० व्होल्टवर फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी माप घ्या. १ मेगाओहम किंवा जास्त हवं. आरसीसीबी १५ ते ३० मिलिअँपिअरच्या मधे कुठेही पडू शकतो, म्हणजे रोध १५ हजार ओहमच्या आसपास आला की झालं. जे सर्किट उन्हाळ्यात २ मेगाओहम दाखवतं ते श्रावणात काय दाखवेल, हे त्यावरून लक्षात येईल.

एखाद्या सर्किटचा न्यूट्रल चुकून दुसऱ्या आरसीसीबीच्या पट्टीवर गेला असेल तर दोन्ही पडतात, पण पावसाशी त्याचा संबंध नसतो. तो दिवा लावल्याबरोबर पडतो. लक्षण वेगळं, इलाजही वेगळा.

आरसीसीबीवरचं ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला नाही तर बदला. हे बटण तुमचं अर्थिंग तपासत नाही, फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासते.

प्रश्न : वस्तीवर एका संध्याकाळी दिवे एकदम लख्ख झाले आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर जळाले. मागच्या वर्षी वीज कडाडली तेव्हाही असंच झालं. स्टॅबिलायझर लावला तर वाचेल का?
— एक वाचक, उमरखेड तालुका

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली : डीपीवर किंवा लाइनवर न्यूट्रल तुटला. तीन फेजवर वाटलेली घरं मग एकमेकांतून दोन-दोन फेजमध्ये सापडतात. ज्या फेजवर भार कमी तिथे व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं, ज्यावर जास्त तिथे दिवे मिणमिणतात. शेजारी अंधुक आणि आपल्याकडे लख्ख, हे त्याचं नेमकं लक्षण. तेव्हा आधी मेन खाली करा, मग महावितरणला १९१२ वर कळवा. साधा स्टॅबिलायझर यात स्वतःच जळतो. पेटीत मेननंतर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा, ४० अँपिअरचा. वरची मर्यादा २७० व्होल्ट, खालची १७० ते १८० च्या मधे, पुन्हा जोडण्याचा वेळ तीन मिनिटं ठेवा, म्हणजे फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर लगेच पुन्हा भार येत नाही. दिवसा लाइट नेहमीच १६० ला असते तिथे खालची मर्यादा उंच ठेवली तर तो सारखा तोडत राहील. आधी आठवडाभर व्होल्टेज पाहा, मग आकडा ठरवा.

न्यूट्रल गेला की काही घरं अर्थच्या तारेलाच न्यूट्रल करून दिवे लावतात. असं केल्याने त्या खड्ड्याभोवतीची जमीन आणि त्या अर्थला जोडलेली प्रत्येक धातूची वस्तू जिवंत होते. गुरं अशाच जागी दगावतात. कितीही अडचण असली तरी करू नका.

दुसरी : आकाशातली वीज. त्यासाठी एसपीडी, टाइप २, सिंगल फेजचा, ज्यात एक भाग फेज-न्यूट्रलमध्ये आणि दुसरा न्यूट्रल-अर्थमध्ये असतो. तो मेननंतर पण आरसीसीबीच्या आधी. त्याच्या जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत हवी. लांब, गुंडाळलेल्या तारेने जोडलेला एसपीडी लावून न लावल्यासारखाच, कारण लाट इतकी वेगवान असते की त्या तारेवरच हजारभर व्होल्ट राहतात. खिडकीतला हिरवा रंग लाल झाला की तो संपला, बदला. जवळच थेट वीज पडली तर एसपीडीही हमी देत नाही, म्हणून गडगडाट सुरू होताच टीव्ही आणि फ्रिजच्या पिना काढण्याची सवय चालू ठेवा.

प्रश्न : गोठ्यात दोन एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी बसवायची आहे. घरापासून गोठा ४० मीटर. घराच्या पेटीतून २.५ ची वायर नेली तर चालेल?
— एक वाचक, अकोले तालुका

नको. दोन एचपीची मोटर चालताना १२ अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना पाच पट. २.५ चौ.मिमी. तारेवर ४० मीटरला सुरू होताना ४० व्होल्टच्या वर घट पडते. आधीच १९० व्होल्ट असतील तर मोटर गुणगुणत उभी राहते आणि वाइंडिंग जळतं. ६ चौ.मिमी. तांब्याची तार न्या. घट १७-१८ व्होल्टवर येते. घराच्या पेटीत २० अँपिअरचा सी कर्व्ह दोन पोली एमसीबी, गोठ्यात वेगळी छोटी बंदिस्त पेटी, तिच्यात स्वतंत्र आरसीसीबी. बोअरची मोटर आणि कुट्टी एकाच वेळी सुरू करू नका. मंजूर भार कमी असेल तर वाढवून घ्या.

पण तारेपेक्षा महत्त्वाचा आहे स्टार्टर. साध्या स्विचवर कुट्टी लावली आणि लाइट गेली, तर माणूस अडकलेला कडबा काढायला तोंडात हात घालतो. लाइट आली की पातं फिरतं. डीओएल स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते : लाइट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत जोडला जात नाही. त्यातला ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरवर लावा. काही जण लाइट आल्यावर आपोआप चालू व्हावं म्हणून हिरवं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात किंवा ऑटो-स्टार्टर बसवतात. विहिरीच्या मोटरला ते कदाचित चालेल. कुट्टीला कधीही नाही. अडकलेला चारा काढण्याआधी एमसीबी खाली, हा गोठ्याचा नियम करा.

गुरांना माणसापेक्षा कमी व्होल्टेजला धोका असतो. पुढच्या-मागच्या पायांत दीड मीटर अंतर, खूर शेणा-मुतात ओले. म्हणून गव्हाणीचे लोखंडी पाइप, दावणीच्या कड्या, पत्र्याच्या छताचे खांब एकमेकांना जोडून अर्थला बांधा. वायर पीव्हीसी पाइपमधून, शिंगं पोहोचणार नाहीत एवढ्या उंचीवर. आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार विजेच्या खांबाला, त्याच्या ताणतारेला किंवा सर्व्हिस वायर येते त्या पाइपला बांधलेली असेल तर ती आजच काढा आणि नायलॉनची दोरी लावा. पावसाळ्यात कपडे वाळत घालणाऱ्या बायकांचे जीव याच तारेवर जातात.

प्रश्न : इन्व्हर्टर लावल्यापासून आरसीसीबी पडतो. आणि लग्नकार्यात जनरेटर घराच्या सॉकेटमध्ये जोडला तर चालतो का?
— एक वाचक, शिराळा तालुका

इन्व्हर्टरवर टाकलेल्या दिवे-पंख्यांचा न्यूट्रल पेटीच्या सामाईक पट्टीवर राहिला असेल. फेज एका वाटेने जातो, परत दुसऱ्या वाटेने येतो, आणि आरसीसीबीला ती गळती वाटते. इन्व्हर्टरच्या सर्किटांना वेगळी न्यूट्रल पट्टी द्या, ती इन्व्हर्टरच्या आउटपुट न्यूट्रललाच जोडा, आणि त्या सर्किटांवर स्वतंत्र २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ठेवा. पेटीच्या दारावर ठळक लिहा : ‘मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची वीज चालू राहते’. अनोळखी वायरमनचा जीव त्या ओळीने वाचतो.

दोन्ही टोकांना पिन लावलेल्या वायरने जनरेटर सॉकेटमध्ये जोडणं हा गुन्हा आहेच, आणि खूनही होऊ शकतो. ती वीज मीटरमधून उलट डीपीकडे जाते, तिथे ११ हजार व्होल्ट होते, आणि लाइन बंद समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. दोन पोली चेंजओव्हर स्विच बसवा, मधे ‘ऑफ’ची जागा असलेला, म्हणजे एका वेळी एकच बाजू जोडली जाते.

प्रश्न : १६ चा एमसीबी सारखा पडायचा. ३२ चा टाकल्यापासून बंद झालं. ठीक आहे ना?
— एक वाचक, परळी तालुका

अजिबात नाही. तुमची २.५ ची तार पाइपमध्ये साधारण १८ ते २० अँपिअर सुरक्षितपणे वाहते. आता ३० अँपिअर गेले तरी एमसीबी पडणार नाही आणि पाइपमध्ये तारेचं आवरण वितळत राहील. १६ चा परत लावा आणि सर्किट दोन भागांत तोडा. किटकॅट फ्यूजमध्ये केबलची जाड तार घालणं हेच, फक्त जुन्या पद्धतीने.

डीपीपासून लांबच्या वस्तीवर आणखी एक गोष्ट. लाइनचा एकूण रोध दीड ओहम असेल तर पूर्ण शॉर्टलाही १५० अँपिअरच मिळतात. सी कर्व्हचा १६ चा एमसीबी झटकन पडण्याची खात्री १६० ला असते, ३२ च्या एमसीबीला तर ३२० लागतात. अशा ठिकाणी दिवे आणि सॉकेटसाठी बी कर्व्ह घ्या. तो १६ ला ८० अँपिअरवरच खात्रीने पडतो. सी फक्त मोटरला.

प्रश्न : मीटरकडून येणारी वायर अ‍ॅल्युमिनियमची आहे. मेनपाशी दर वर्षी जळते.
— एक वाचक, साक्री तालुका

अ‍ॅल्युमिनियम थेट पितळी टर्मिनलमध्ये घट्ट राहत नाही. गरम होऊन दबते, थंड होऊन सैल होते, वर गंजाचा थर येतो. जळलेला भाग कापून टाका, टोक पॉलिश पेपरने घासून लगेच जॉइंटिंग पेस्ट लावा आणि तांबे-अ‍ॅल्युमिनियमचा बायमेटल पिन-लग क्रिंप करून तोच मेनमध्ये घाला. पक्कडीने चेपलेला लग टिकत नाही, क्रिंपिंग हत्यार लागतं. मीटरच्या सीलला हात लावू नका. मीटरच्या बाजूचं टोक महावितरणचा माणूसच उघडेल. आणि लक्षात ठेवा, मेन खाली केला तरी त्याच्या वरच्या टर्मिनलांवर वीज असतेच. मीटरजवळचा कटआउट काढल्याशिवाय तिथे स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही.

सगळी टर्मिनलं मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा वीज तोडून घट्ट करून घ्या. बारीक धाग्यांच्या वायरला पिन किंवा फेरूल लावा; सुटे धागे बाहेर राहिले की तिथूनच ठिणगी. आवरण पिवळं-तपकिरी झालेलं टर्मिनल म्हणजे तिथे सैल जोड आहे, नुसतं आवळून सोडू नका, तार कापून नवं टोक करा.

प्रश्न : पत्र्याची पेटी चार पावसाळ्यांत गंजली. काय घ्यावं?
— एक वाचक, सत्तरी, गोवा

पॉलिकार्बोनेटची, बाहेरच्या भिंतीवर असेल तर आयपी ६५ ची (धूळ आणि पाण्याची धार आत न जाऊ देणारी). वायर वरून आत घेऊ नका. खालून घ्या, आणि आत शिरण्याआधी तिला खाली झुकता वेढा द्या म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतील. भिंतीपासून पेटी एक सेंटिमीटर सुटी ठेवा. जुन्या पेटीतले एमसीबी वरून चांगले दिसले तरी टर्मिनलच्या स्क्रूवर हिरवा किंवा पांढरा थर असेल तर नव्या पेटीत नेऊ नका.